काळ्या कुत्र्याचा शनिवार

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका लॅब्राडॉरच्या तोंडातून टीव्हीचा रिमोट काढत होते. ते म्हणाले, "ताई, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा. कुत्र्यांच्या गमतीजमती. जरा हलकंफुलकं." मी हो म्हटलं. एका हातात फोन आणि दुसरा हात कुत्र्याच्या जबड्यात असला, की माणूस कशालाही हो म्हणतो.

लिहायला बसले तेव्हा कळलं, की हलकंफुलकं काही येतच नाही. येतो तो राग. घरच्यांना हे नवीन नाही. मुलगी म्हणते, "आईचा वयाचा राग आहे." आमचे हे म्हणतात, "वयाचा नाही, धंद्याचा. दिवसभर कुत्र्यांवर चिडता येत नाही, म्हणून संध्याकाळी आमच्यावर." हे तितकंसं खरं नाही. कुत्र्यांवर मी कधीच चिडत नाही. चिडते ती कुत्र्यांच्या मालकांवर, आणि त्यांच्यावर ओरडलं तर ते पुन्हा बोलावत नाहीत, म्हणून उरलेला राग घरी येतो.

मी जळगावला राहते. लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या कुत्र्यांच्या खोडी सोडवते. चावणं, भुंकणं, नको तिथं शू करणं, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणं, सोफा खाणं. शहरात मला 'कुत्र्यांच्या मॅडम' म्हणतात. सासूबाईंना कुणी विचारलं तर त्या अजूनही सांगतात, "ती जनावरांच्या दवाखान्यात असते." दवाखाना सोडून जमाना झाला, पण सून कुत्री शिकवते हे त्यांना भिशीत सांगता येत नाही.

दवाखान्यात मी मलमपट्टीला होते. तिथंच हा राग लागला. धडधाकट, चकचकीत कातडीचं कुत्रं टेबलावर उभं करून माणसं म्हणायची, "डॉक्टर, कायमची सुई देऊन टाका. फार चावतं." मी पट्टी गुंडाळता गुंडाळता विचारायची, "कधी चावतं?" उत्तर ठरलेलं: "कधीपण." कुत्रं कधीपण चावत नाही. कधीपण चावणारा जीव माझ्या पाहण्यात एकच आहे, जळगावचा डास.

माझ्याबद्दल गैरसमज नको म्हणून हेही सांगून टाकते: माझ्या घरचा कुत्रा माझं ऐकत नाही. त्याचं नाव ढब्बू. रस्त्यावरून आलेला, आमच्या ह्यांच्या चपलांवर वाढलेला. मी "बस" म्हटलं की तो जांभई देतो. सासूबाईंनी पदराआडून भाकरीचा तुकडा दाखवला, की न सांगता बसतो, लोळतो, पंजा देतो. सगळी विद्या त्यांना फुकटात वश आहे आणि मी पर्समध्ये वाळवलेली कलेजी घेऊन गावोगाव हिंडते. बसमध्ये माझ्या शेजारची बाई पारोळा यायच्या आत जागा बदलते.

काम तसं साधं आहे. कुत्र्याला ज्यातून काही मिळतं ते ते पुन्हा करतं. ज्यातून काही मिळत नाही ते सोडून देतं. पोटात दुखत असेल, भीती वाटत असेल, कंटाळा आला असेल, तर तेही ते अंगानं सांगतं. आपण ते बघायचं. बस, एवढंच. एवढंच असूनही माझं बरं चाललंय, यावरून लोक किती बघतात ते कळेल.

जळगावातलं एक जोडपं होतं. पिल्लू आणलं तेव्हा डोळे नुकते उघडलेले, आईपासून तोडून आणलेलं. पिल्लं भावंडांशी खेळताना एकमेकांना चावतात. जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ मोडतं. त्यातून दात किती लावायचे ते कळतं. याला ती शाळा मिळालीच नाही. त्यात साहेब रोज संध्याकाळी त्याच्यापुढे हात नाचवायचे. पिल्लू मनगटाला लोंबकळलं की बायकोला हाक: "बघ बघ, वाघ आहे वाघ!" मोबाइलवर शूटिंग, नातेवाइकांच्या ग्रुपवर कौतुक. वाघ मोठा झाला. मग पट्टी बांधलेल्या हातानं मला फोन: "मॅडम, अचानक चावायला लागला हो."

अचानक! हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाची शीर उडते. अहो, तुम्हीच रोज त्याची शिकवणी घेत होतात. पोरगं परीक्षेत पहिलं आलं, तर आता रडता कशाला? उपाय पहिल्या दिवसापासून सोपा होता. दात लागले की हात दगडासारखा स्थिर, खेळ बंद, पाठ वळवायची. आणि चावायला दोरीची गाठ द्यायची. वाघाला सगळं उलट शिकवायला हिवाळा गेला.

दुसऱ्या एका घरी पिल्लानं फरशीवर शू केली की त्याचं नाक त्यात घासायचे. कुणी शिकवलं? "असंच करतात ना मॅडम." पिल्लू काय शिकलं? फरशीवर करू नये, हे नाही. माणसासमोर करू नये, हे. म्हणून बाहेर फिरायला नेलं तरी ते बिचारं शू दाबून चालायचं आणि घरी येऊन सोफ्यामागं जायचं. मालक म्हणाले, "मुद्दाम करतं, खुनशी आहे." मी म्हटलं, "उद्या बाहेर त्यानं केलं की तिथल्या तिथं खाऊ द्या आणि शाबासकी द्या." ते म्हणाले, "रस्त्यावर? लोक काय म्हणतील?" कुत्र्याचं नाक घासताना लोकांची आठवण नव्हती.

आणि गच्चीवाले. आमच्याकडं मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत नाहीत, भाजतात. तिथं पत्र्याखाली कुत्रं बांधून हे खाली कूलरसमोर. तक्रार काय, तर "दिवसभर भुंकतं." मी म्हटलं, "खाली आणा." "खाली नाही जमणार. तुम्ही फक्त भुंकणं बंद करा." त्या दिवशी मी मालकांनाच म्हटलं, पाच मिनिटं चपला काढून वर उभे राहा. त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. कुत्रं मात्र खाली आलं, असं शेजारणीनं कळवलं.

असो. ह्या गोष्टी मी लग्नकार्यात सांगते, माणसं हसतात, मीही हसते. धुळ्याची गोष्ट कधी सांगत नाही. आज सांगते.

फोन प्रमोद नावाच्या तरुण गृहस्थांचा होता. धुळ्यात शेतीच्या पंपांचं दुकान, देवपूरकडे बंगला, ब्रुनो नावाचा काळा लॅब्राडॉर. ब्रुनो त्यांच्या मुलीला चावला होता. सई, बालवाडीतली. अंगठ्याच्या बेचक्यात टाके पडले, रेबीजची इंजेक्शनं चालू होती.

"मॅडम, मला कुत्रं सुधरवायचं नाहीये," ते म्हणाले. "तुम्ही फक्त या आणि आमच्या आईला सांगा, की हे कुत्रं आता सुधरायचं नाही. ती कुणाचं ऐकत नाही. तज्ज्ञ माणसानं सांगितलं तर ऐकेल."

"न बघता कसं सांगू?"

"बघून सांगा ना. पण हेच सांगा."

"आणि मग कुत्र्याचं काय करणार?"

"शेतात पाठवू."

आमच्या धुळे-जळगावात 'शेतात पाठवलं' हे कुत्र्याच्या मरणाचं सभ्य नाव आहे. महामार्गावर सोनगीरच्या बाजूला, ढाब्यांच्या मागं, गळ्यात अजून पट्टा असलेली कुत्री तुम्ही पाहिली असतील. प्रत्येक गाडीच्या मागं थोडं पळतात आणि परत येतात. ती सगळी कुणाच्या ना कुणाच्या शेतात पाठवलेली असतात. मी दुसऱ्याच दिवशी धुळ्याची बस धरली. वाटेत मनातल्या मनात प्रमोदना इतकं बोलून घेतलं, की उतरताना घसा कोरडा पडला होता.

बंगल्याच्या ओसरीला लोखंडी ग्रिल होतं. आत खाटेवर प्रमोदच्या आई बसल्या होत्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांच्या खाटेखाली काळा ढीग पडला होता. तो ब्रुनो. त्यानं मान वर करून मला पाहिलं आणि परत खाली घातली.

"ये व माय," अक्का म्हणाल्या. "तूच का ती कुत्रासनी मॅडम?"

"हो अक्का."

"तुना घरमा कुत्रं शे?"

"आहे ना."

"ऐकस का तुनं?"

"नाही."

अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. "मंग बस. खोटं बोलावाले नही उनी तू."

चहा घेता घेता सगळं ऐकलं. प्रमोदचं दुकान सुरुवातीला चालेना, तेव्हा एका जाणत्यानं अक्कांना सांगितलं होतं, की दर शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घाला. हे काही एकट्या अक्कांचं नाही, खानदेशात घरोघरी चालतं. अडचण एवढीच, की रस्त्यावरचा काळा कुत्रा शनिवारी सापडत नाही. त्या दिवशी त्याला आमंत्रणंच फार असतात. म्हणून अक्कांनी मुलाला घरचाच काळा कुत्रा आणायला लावला. पिल्लू आणलं, वाटीनं दूध पाजलं, खाटेशी निजवलं. दुकान चालायला लागलं.

"बठ्ठी गल्ली येस मना दारशी," अक्का म्हणाल्या. सगळी गल्ली दारी येते, याचा त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो मला कळत होता. सून म्हणून, बायको म्हणून आयुष्य गेलेल्या बाईच्या दारात म्हातारपणी बायका ओळ लावून उभ्या राहतात, ही साधी गोष्ट नाही. शनिवारी सकाळी ब्रुनोच्या कपाळाला गंध लागायचं. त्याला गेटपाशी आखूड साखळीनं बांधायचं, म्हणजे सगळ्यांना हात पोचेल. कुणाच्या मुलाला नोकरी नाही, कुणाची साडेसाती, कुणाचा कोर्टात अडकलेला प्लॉट. सगळ्यांची पोळी ब्रुनोच्या पोटात. खाल्ली नाही तर कान धरून तोंडात कोंबायची, कारण घास नाकारला म्हणजे साडेसाती हलली नाही.

"रविवारी त्याचं पोट बिघडत असेल," मी म्हटलं.

"दर रविवारी," आतून प्रमोदची बायको स्मिता म्हणाली. ती दारात उभी होती, ओसरीत येत नव्हती.

प्रमोदनी फोन काढला. "हे बघा मॅडम, किती गुणी होता. म्हणून तर आश्चर्य वाटतं." व्हिडिओत शनिवारची सकाळ होती. एक बाई ब्रुनोचा कान धरून त्याच्या तोंडाशी पोळी नेत होत्या. सई त्याच्या पाठीवर रेलली होती. ब्रुनो हलत नव्हता. मागं कुणीतरी म्हणत होतं, "कसा शांत आहे गं, देवमाणूस."

मी व्हिडिओ परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा. शांत कसला? त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. जीभ सारखी नाकावर फिरत होती. मान शक्य तितकी वळवलेली, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं आणि अंग असं ताठ, की पाठीवर कप ठेवला असता तर चहा सांडला नसता. कुत्रं याच्यापेक्षा मोठ्यानं नको म्हणू शकतं, ते फक्त गुरगुरून.

"हा गुरगुरत नव्हता?" मी विचारलं.

प्रमोद उत्साहानं म्हणाले, "गुरगुरायचा ना! बायका घाबरायच्या. अक्कांना ते अशुभ वाटायचं. मग आपण एक माणूस आणला. त्यानं गळ्यात मशीनचा पट्टा बांधला. गुरगुरला की बटण दाबायचं, झटका बसतो. थोड्याच दिवसांत एकदम बंद. वर्ष झालं, हूं की चूं नाही."

त्या माणसाचं नाव मला माहीत आहे. इथं लिहीत नाही. लिहिलं तर जाहिरात होईल.

गुरगुरणं हा गुन्हा नाही हो. ती चावण्याआधीची विनंती आहे. ट्रकचा हॉर्न कर्कश वाटतो म्हणून हॉर्नची वायर तोडली, तर ट्रक थांबत नाही. तो न सांगता अंगावर येतो. ह्या लोकांनी ब्रुनोची वायर तोडली, वर त्याला देवमाणूस म्हटलं आणि पोरीला त्याच्या पाठीवर रेलू दिलं. सईनं जे केलं ते गल्लीतल्या बायकांना पाहून केलं होतं. कान धरला, पोळी तोंडात कोंबली. ब्रुनोकडं सांगायला शब्द उरला नव्हता. दात उरले होते.

हे सगळं मी समजावून सांगायला हवं होतं. मी ओरडले. भर ओसरीत, परक्याच्या घरी, त्यांचाच चहा हातात धरून. काय काय बोलले ते आठवत नाही, पण "तुम्हाला बांधा साखळीनं आणि गल्लीनं पोळ्या कोंबू देत तुमच्या तोंडात" हे नक्की बोलले. अक्कांचा चेहरा पडला. ब्रुनो खाटेखाली आणखी आत सरकला. कुत्र्यांच्या मॅडमनी आल्या आल्या पहिलं काम केलं ते कुत्र्याला घाबरवण्याचं.

"ताई," स्मिता दारातूनच म्हणाली, "आवाज खाली. माझी मुलगी झोपलीय. टाके ओढतात म्हणून रात्रभर रडलीय. तो तुमच्या मुलीचा हात असता, तर तुम्ही कुणावर ओरडला असता?"

मी चहाचा कप खाली ठेवला. तिच्या रागापुढं माझा राग पाहुणा होता.

"आणि शनिवार बंद करा, असं मी दोनदा म्हटलं होतं," ती पुढं म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, पण नजर नवऱ्याकडं होती. "एकदा पट्टा आणायच्या आधी, एकदा नंतर. विचारा ह्यांना, काय उत्तर मिळालं."

प्रमोद फोनकडं पाहू लागले. अक्का पदराशी खेळत राहिल्या.

मी आवाज खाली आणून सांगितलं. हे कुत्रं सुधरायचं नाही, असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. सुधरेलच, असंही म्हणणार नाही. आधी डॉक्टरला पोट दाखवा. मशीनचा पट्टा आजपासून नाही. सई आणि ब्रुनो यांच्यामध्ये नेहमी ग्रिलचं दार हवं, मोठं माणूस जवळ असलं तरी. आणि शनिवार बंद.

"शनवार बंद व्हवाव नही," अक्का म्हणाल्या. "बठ्ठ्या बाया काय म्हनतीन? दुकानले काय व्हयनं तर?"

"मग शेतात," प्रमोद म्हणाले. "अक्का, तिथं मोकळा राहील तो."

अक्कांनी मुलाकडं पाहिलं. "शेत तर बटईनं दिधं शे. तठे कोन शे त्याले हाक माराले?"

शेत दुसऱ्याच्या कसण्यात होतं, तिथं घरचं माणूस नव्हतं. मी म्हटलं, "येत्या शनिवारपर्यंत थांबा. मी येते. त्याला बांधायचं नाही, ग्रिलच्या आत मोकळा ठेवायचा. बायका येऊ देत. अक्का, तुम्ही फक्त माझ्याजवळ बसायचं. बायकांकडं नाही, त्याच्याकडं पाहायचं."

प्रमोद कबूल झाले, पण अट घालूनच. "हा शनिवार बघू. ठेवलाच, तर एक सांगतो. पुढं कधीही घरात गुरगुरला, तर त्याच दिवशी हलवीन. मग मला कुणी अडवायचं नाही."

मी म्हटलं, "अहो, गुरगुरणं परत यावं म्हणूनच तर..." पण ते उठून गेले होते.

शनिवारी सकाळी सई स्मिताबरोबर आतल्या खोलीत होती, दार लावून. अक्का आणि मी खाटेवर. बायका आल्या. ग्रिलमधून हात आत, हातात तेलाची पोळी. "ये रे बाबा, ये ना. माझ्या पोराची साडेसाती आहे, एवढा घास घे." ब्रुनोनं पहिल्या पोळीकडं पाहिलं, नाक चाटलं, मान फिरवली. दुसरीला दोन पावलं मागं गेला. तिसरीला भिंतीशी. मोकळा होता म्हणून जाता आलं. नाहीतर साखळीच्या टोकाला उभा राहिला असता.

अक्का त्याच्याकडंच पाहत होत्या. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"मनाकडे देखी ऱ्हायना तो," त्या म्हणाल्या.

खरं होतं. प्रत्येक हात आत आला की ब्रुनो आधी अक्कांकडं पाहत होता.

"हो अक्का. दर वेळी."

"कवयपासून?"

कधीपासून, हे मी काय सांगणार? त्यांनी वाटीनं दूध पाजलं तेव्हापासून, आणखी कधीपासून? अक्का उठल्या, गुडघ्यावर हात देत ग्रिलपाशी गेल्या आणि बायकांना म्हणाल्या, "आज बस. जावा घर." एक बाई म्हणाली, "अहो, माझी राहिली ना." अक्का म्हणाल्या, "ऱ्हावू दे." मग त्या आत गेल्या, आणि स्वयंपाकघरातून डबा जोरात आपटल्याचा आवाज आला.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं होतं, म्हणजे चांगलं होतं. अक्कांच्या स्वयंपाकघरात माझ्या कलेजीला प्रवेश नव्हता, म्हणून पनीरचे तुकडे. ब्रुनो जेवत असताना लांबून जायचं, एक तुकडा टाकायचा आणि निघून जायचं. माणूस जवळ आलं म्हणजे घास कोंबतं किंवा वाटी नेतं, हे त्याच्या डोक्यातून काढायचं होतं. त्यानं मान वळवली की थांबायचं. नाक चाटलं की मागं सरायचं. त्यानं हळू सांगितलेलंही ऐकू येतं, हे त्याला पटायला हवं होतं. सगळ्यात चांगली शिकली सई. बांधलेला हात मागं धरून ती जाळीपलीकडून हाक मारायची आणि वाट पाहायची. तो आला नाही, तर मला सांगायची, "आज त्याचा मूड नाही." तिच्या बापाला हे वाक्य अजून जमलेलं नव्हतं. स्मिता मात्र लांब बसायची, रोज, न चुकता, डोळा न लवता. तिचा विश्वास बसला नव्हता आणि तो बसावा असा आग्रह मी धरला नाही. त्या घरात सावध माणसाची टंचाईच होती.

गल्ली चिडली. एकजण म्हणाली, अक्कांनी पुण्य घरात कोंडून ठेवलं. दुसरीनं आपल्या जिन्यात बसणारं मांजर काळं आहे का, ते तपासलं. अक्का दर शनिवारी ओसरीत बसत आणि गेटबाहेर कुणी येत नसे, ते पाहत. त्यांना ते लागत होतं. एकदा म्हणाल्या, "आते बठ्ठ्या तिकडच्या गल्लीमा जातस."

ब्रुनो मात्र गप्पच होता. खायला लागला, शेपूट हलवायला लागला, सईच्या हाकेला यायला लागला. पण आवाज नाही. झटक्यानं गेलेला आवाज प्रत्येक कुत्र्याचा परत येतोच असं नाही, हे मी प्रमोदना सांगितलं. त्यांना ते आवडलं. मला त्यांचं आवडणं आवडलं नाही.

आणि मग एका शनिवारी मी तिथं असताना एक बाई आल्या. मुलाची मुलाखत होती म्हणे. अक्का नको म्हणत असताना त्यांनी ग्रिलमधून हात घातला, ब्रुनोचा कान धरला आणि पोळी तोंडाशी नेली. ब्रुनोनं मान वळवली. बाईंनी कान ओढून मान सरळ केली.

तो गुरगुरला.

खोल, छातीतून, गिरणी सुरू व्हावी तसा. मी आयुष्यात इतका सुंदर आवाज फार थोड्या वेळा ऐकलाय. पण त्याच क्षणी आतून प्रमोद धावत आले. चेहरा पांढरा, हातात साखळी. "पाहिलंत? पाहिलंत मॅडम? मी म्हटलं होतं." स्मिता सईला कडेवर घेऊन दारात. मी तोंड उघडलं, पण त्याआधी अक्का खाटेवरून उठल्या आणि मुलाच्या आणि कुत्र्याच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"बोली ऱ्हायना तो," त्या म्हणाल्या. "ऐक."

बाईंनी दचकून हात मागं घेतला. कान सुटला, पोळी फरशीवर पडली. ब्रुनो त्याच क्षणी थांबला. पोळीला तोंडही न लावता वळला आणि खाटेखाली जाऊन बसला. बाईंच्या हातावर ओरखडासुद्धा नव्हता. त्या आपलाच हात उलटासुलटा करून पाहत होत्या.

प्रमोद साखळी धरून उभेच होते. एकदा त्या हाताकडं पाहिलं, एकदा स्मिताच्या कडेवरच्या सईच्या हाताकडं, जिथं टाक्यांची खूण अजून गुलाबी होती. स्मिता त्यांच्याकडं पाहत होती. तिचं आधीच दोनदा बोलून झालं होतं.

मग प्रमोदनी वाकून पोळी उचलली, ग्रिलमधून बाहेर बाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "काकू, त्याला नकोय."